देह, श्रम आणि विद्या



परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या जयंतीनिमित्त मंडळाची ही वार्षिक स्मरणिका वाचकांच्या हाती देताना संपादक मंडळास मनःपूर्वक आनंद होत आहे. रोजीरोटीच्या निमित्ताने अमिरातीच्या सात राज्यांत विखुरलेली आपली कुटुंबे या दिवशी एकत्र येतात, बुद्धवंदना घेतात, मुलांचा गुणगौरव करतात आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा आपापल्या कामाला लागतात. त्या एका दिवसाचा विचार वर्षभर टिकावा, एवढाच या स्मरणिकेचा हेतू असतो. दरवर्षी या पानावर चळवळीच्या स्थितीगतीचा आढावा घेण्याची प्रथा आहे. यंदा ती थोडी बाजूला ठेवून, काहींना कदाचित किरकोळ वाटेल अशा एका विषयाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

मंडळाच्या एका बैठकीनंतर आपल्यातीलच एक गृहस्थ मला बाजूला घेऊन म्हणाले, "डॉक्टरसाहेब, पोरीला तुम्हीच चार शब्द सांगा. फिजिओथेरपी झाली. आता एखाद्या चांगल्या इस्पितळात नोकरी धरायची, तर म्हणते, परदेशी जाऊन क्रीडाविज्ञानात पीएच.डी. करणार. खेळात कुठे डॉक्टरेट असते का?" मुलगी शेजारीच उभी होती. खरे सांगायचे तर माझे मतही वडिलांच्या मतापेक्षा फारसे वेगळे नव्हते. खेळ म्हणजे तरुणपणाचा विरंगुळा, विद्या म्हणजे वैद्यकी, अभियांत्रिकी, वकिली, ही समजूत आपल्या पिढीच्या हाडीमांसी खिळलेली आहे. मी उपदेशाच्या सुरात काही बोलू लागलो, तेव्हा ती अगदी शांतपणे म्हणाली, "काका, उन्हाळ्यात तुमच्याकडे चक्कर येऊन पडलेले कामगार येतात. तुम्ही त्यांना सलाईन लावता. पण तो माणूस किती तास, कसल्या उन्हात, किती ओझं उचलून पडला, हे तुम्ही कुठे लिहून ठेवता का?"

मी लिहून ठेवत नव्हतो. नाडी लिहिली जाते, रक्तदाब लिहिला जातो, ताप लिहिला जातो. श्रम लिहिले जात नाहीत. ज्या समाजाच्या पिढ्यान्पिढ्या केवळ श्रमावर जगल्या, त्याच समाजातून आलेल्या वैद्याने श्रमाची नोंद ठेवू नये, याची मला त्या दिवशी खंत वाटली. हे संपादकीय त्या खंतीतून लिहिले आहे.

क्रीडाविज्ञान म्हणजे खेळाचे प्रशिक्षण नव्हे. माणसाचे शरीर श्रम करते तेव्हा स्नायूंत, हृदयात, फुप्फुसांत आणि मनात काय घडते, त्याची मर्यादा कोठे आहे आणि ती कशी वाढते, याचा हा अभ्यास आहे. खेळाडू हा त्यातील सोयीचा विषय, कारण तो स्वेच्छेने आपल्या शरीराला मर्यादेपर्यंत नेतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील ए. व्ही. हिल हे या विद्येच्या जनकांपैकी एक. स्नायूंत निर्माण होणाऱ्या उष्णतेवरील संशोधनासाठी त्यांना १९२२ सालच्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. धावपटूंच्या श्वासातील प्राणवायू मोजून थकव्याचे गणित मांडणारे हेच हिल १९४३-४४ मध्ये भारतात आले होते आणि त्यांनी सरकारला दिलेल्या अहवालात अखिल भारतीय पातळीवरील वैद्यकीय केंद्राची कल्पना मांडली होती. पुढे दिल्लीस 'एम्स' उभी राहिली, तिच्या पूर्वइतिहासात या अहवालाचे स्थान आहे. ज्या विद्येला आपण 'पळायला शिकवणे' म्हणून हसतो, तिचे मूळ इतके खोल आहे.

याहून महत्त्वाचे उदाहरण अमेरिकेचे आहे. हार्वर्ड विद्यापीठात १९२७ ते १९४७ या काळात थकव्याचा अभ्यास करणारी एक प्रयोगशाळा होती. नेवाडाच्या वाळवंटात आज हूवर धरण म्हणून ओळखल्या जाणाऱ्या धरणाचे बांधकाम सुरू असताना १९३१ च्या उन्हाळ्यात अनेक मजूर उष्माघाताने मरण पावले. पुढच्या उन्हाळ्यात या प्रयोगशाळेचे संशोधक तेथे जाऊन राहिले आणि त्यांनी मजुरांच्या व स्वतःच्याही घामाचे मोजमाप केले. घामाबरोबर पाणीच नव्हे तर मीठही जाते आणि नुसते पाणी पिऊन ती झीज भरून येत नाही, ही आज शाळकरी मुलाला ठाऊक असलेली गोष्ट अशा अभ्यासांतून पक्की झाली. १९५७ साली अमेरिकी नौसैनिकांच्या प्रशिक्षण छावणीतील अनुभवावरून ऊन, आर्द्रता, वारा आणि तापमान एकत्र धरणारा निर्देशांक तयार झाला. आज मॅरेथॉनच्या आयोजकांपासून बांधकामावरील सुरक्षा अधिकाऱ्यांपर्यंत अनेकजण तोच वापरतात. खेळाचे मैदान आणि कामाचे ठिकाण यांना जोडणारा हा पूल आहे.

आपण ज्या देशात राहतो तेथे २००५ सालापासून उन्हाळ्यात भर दुपारी उघड्यावरील कामास बंदी आहे. सध्या ती १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन अशी असते. असे नियम केवळ दयेने होत नाहीत आणि केवळ दयेने सुधारतही नाहीत. किती विश्रांती, किती पाणी, नव्याने आलेल्या माणसाला उष्ण हवेची सवय व्हायला किती दिवस द्यावेत, याची उत्तरे मोजमापानेच मिळतात. मध्य अमेरिकेतील एल साल्वादोर व निकाराग्वा या देशांत ऊस तोडणाऱ्या तरुण मजुरांची मूत्रपिंडे, मधुमेह वा रक्तदाब नसतानाही, निकामी होत असल्याचे आढळून आले. उन्हातील अतिश्रम आणि शरीरातील पाण्याची झीज हे त्याचे एक प्रमुख कारण मानले जाते. हे वाचताना बीड जिल्ह्यातून दरवर्षी कोयता घेऊन निघणारी जोडपी कोणाच्या डोळ्यांपुढे येणार नाहीत? डोक्यावर मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढणाऱ्या बाईच्या हृदयाचे ठोके मोजायला तेच यंत्र लागते, जे ऑलिंपिकच्या धावपटूच्या छातीला बांधले जाते. प्रश्न यंत्राचा नाही. ते कोणाच्या छातीला बांधायचे, हे कोण ठरवतो, याचा आहे.

येथेच हा विषय आपल्या चळवळीच्या गाभ्याशी येऊन भिडतो. आपले देह इतरांनी मोजले आणि त्यावरून आपली लायकी ठरवली, असा आपला इतिहास आहे. 'लढाऊ जमाती'च्या तथाकथित सिद्धांतापायी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची सैन्यभरती बंद झाली. ज्यांच्या वाडवडिलांनी पलटणीत पराक्रम गाजवला, ते एका रात्रीत लढण्यास नालायक ठरले! त्यास कोणत्याही प्रयोगशाळेचा आधार नव्हता. १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली तेव्हा तो सिद्धांत व्यवहारातच खोटा पडला. बाबासाहेबांनी मात्र याहून पुढचे पाऊल टाकले. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या अस्पृश्यांच्या उगमावरील आपल्या ग्रंथात त्यांनी मानववंशशास्त्रज्ञांनी घेतलेली नाकाच्या ठेवणीची मोजमापेच पुराव्यादाखल मांडली आणि ब्राह्मण व अस्पृश्य हे भिन्न वंशाचे असल्याचा समज त्याच आकड्यांनी खोडून काढला. आकडे कोणी गोळा केले यापेक्षा त्यांचा अर्थ कोण लावतो, हे निर्णायक असते, हा धडा त्यांनी आपल्याला दिला.

क्रीडाक्षेत्रातील आपला अनुभवही हेच सांगतो. पळवणकर बाळू हे चांभार समाजातले. पुण्याच्या गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टीची निगा राखता राखता सरावासाठी गोलंदाजी करीत ते मोठे झाले. हिंदू संघाला त्यांची गोलंदाजी हवी होती. पण चहाच्या वेळी त्यांना मंडपाबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. एवढे करूनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. ते पुढे त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना लाभले. तरुण बाबासाहेबांना बाळूंचा अभिमान होता. पुढे १९३७ च्या निवडणुकीत हेच बाळू त्यांच्याविरुद्ध उभे राहिले व पराभूत झाले, हा इतिहासही लपवण्याचे कारण नाही. मुद्दा एवढाच की, बाळूंचा खांदा सर्वांनी वापरला, परंतु संघ निवडण्याच्या खोलीत बाळूंना जागा नव्हती.

दुसरे उदाहरण आपल्या शेजारचेच आहे. २००६ साली दोहा येथील आशियाई क्रीडास्पर्धेत तामिळनाडूच्या शांती सौंदरराजन हिने ८०० मीटर शर्यतीत रौप्यपदक मिळवले. वीटभट्टीवर राबणाऱ्या दलित कुटुंबातील ही मुलगी. लिंगचाचणीत ती अनुत्तीर्ण ठरल्याचे जाहीर झाले आणि पदक काढून घेण्यात आले. तिची बाजू शास्त्राच्या भाषेत मांडणारे तेव्हा तिच्यामागे कोणी उभे नव्हते. काही वर्षांनी ओडिशाच्या विणकर कुटुंबातील द्युती चंद हिच्यावर असाच प्रसंग आला, तेव्हा मात्र तिच्या बाजूने जाणकार उभे राहिले. २०१५ साली आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने पुरेशा शास्त्रीय पुराव्याअभावी तो नियम स्थगित केला आणि द्युती पुन्हा धावली. पुढे नियम पुन्हा बदलले, वाद आजही मिटलेला नाही. परंतु दोन मुलींच्या नशिबात जो फरक पडला त्यात ज्ञानाचा वाटा मोठा होता. मैदानावर आपल्या मुली आहेत. प्रयोगशाळेत आणि लवादापुढे साक्ष देणाऱ्या तज्ज्ञांत त्या कोठे आहेत?

बाबासाहेबांना हा प्रश्न ऐंशी वर्षांपूर्वीच पडला होता. १९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाल्यावर त्यांनी अस्पृश्यांच्या तक्रारींचे एक निवेदन सरकारला सादर केले. केवळ कला आणि कायद्याच्या पदव्यांनी समाजाची स्थिती पालटणार नाही, विज्ञान आणि तंत्रज्ञानातील उच्च शिक्षणच उपयोगी पडेल आणि ते खर्चाचे असल्याने सरकारने देशात व परदेशांत शिकण्यासाठी शिष्यवृत्त्या द्याव्यात, अशी त्यांची मागणी होती. कोलंबिया व लंडनच्या पदव्या मिळवलेला, स्वतः बॅरिस्टर असलेला माणूस हे लिहीत होता, हे लक्षात घेतले पाहिजे. आपण मात्र त्यांच्या कोटाचे आणि पदव्यांचे अनुकरण केले. नव्या विद्येकडे वळण्याचा त्यांचा आदेश अर्धाच ऐकला.

आता व्यवहाराचे चार शब्द. भावनेच्या भरात मुलांना कर्जाच्या खाईत लोटावे, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. डॉक्टरेट ही तीन ते पाच वर्षांची तपश्चर्या आहे. नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क, नेदरलँड्स या देशांत पीएच.डी.चा विद्यार्थी बहुधा विद्यापीठाचा पगारी कर्मचारी असतो. ऑस्लोची नॉर्वेजियन क्रीडाविज्ञान संस्था, स्टॉकहोमची १८१३ साली स्थापन झालेली व्यायामविद्येची संस्था आणि जर्मनीतील कोलोनचे क्रीडा विद्यापीठ ही या विषयाची जुनी, नावाजलेली केंद्रे आहेत. जर्मनीतील सरकारी विद्यापीठांत संशोधक विद्यार्थ्याला शिक्षणशुल्क सहसा नसते. अमेरिकेत शिकवण्याच्या वा प्रयोगशाळेतील कामाच्या मोबदल्यात शुल्क माफ होऊन निर्वाहवेतन मिळू शकते, मात्र काळ अधिक लागतो. ब्रिटनमध्ये लफबरोसारख्या विद्यापीठांचा लौकिक मोठा आहे, पण परदेशी विद्यार्थ्यांचे शुल्कही मोठे आहे. शिष्यवृत्ती हाती आल्याशिवाय तिकडे वळू नये. कोठेही जायचे तरी विद्यापीठाच्या नावाआधी मार्गदर्शक पाहावा. त्याचे शोधनिबंध वाचावेत, आपला प्रश्न दोन पानांत मांडून त्याला पत्र लिहावे. ज्या मुलाला स्वतःचा प्रश्न दोन पानांत मांडता येत नाही, त्याने अजून एक वर्ष थांबावे.

दलालांपासून सावध राहावे. पैसे भरा आणि वर्षभरात घरबसल्या डॉक्टर व्हा, अशा जाहिरातींना सुशिक्षित माणसेही बळी पडतात. अशी पदवी नावापुढे लागते, पण प्रमाणीकरणाच्या वेळी कागदाचा तुकडा ठरते. तसेच येथील निवास परवान्यावर असलेल्या मुलांनी सहा महिन्यांहून अधिक काळ देशाबाहेर राहण्यापूर्वी त्या परवान्याचे काय होईल, याची चौकशी आधीच करून ठेवावी. आणखी एक गोष्ट पालकांनी स्वच्छ समजून घ्यावी. क्रीडाविज्ञानातील डॉक्टरला रुग्ण तपासण्याचा परवाना मिळत नाही. त्याचे क्षेत्र संशोधन, अध्यापन, खेळाडूंची तयारी आणि श्रमिकांचे आरोग्य हे आहे. भारतात नोकऱ्या अजून मोजक्या आहेत, पण दारे उघडत आहेत. मणिपूरला राष्ट्रीय क्रीडा विद्यापीठाचा कायदा २०१८ साली झाला, पुण्यास आंतरराष्ट्रीय क्रीडा विद्यापीठ स्थापण्याचा कायदा महाराष्ट्र विधिमंडळाने २०२० साली केला. उद्या तेथे अध्यापक लागतील. त्या खुर्च्यांवर कोण बसणार, हे आजच्या विद्यार्थ्यांवर अवलंबून आहे.

शिष्यवृत्त्यांविषयी थोडे. अनुसूचित जाती व इतर काही वंचित घटकांसाठी असलेल्या केंद्र सरकारच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती योजनेत वर्षाला १२५ जागा आहेत; महाराष्ट्र शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीत ७५ जागा अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहेत. १९९० सालच्या दुरुस्तीने बौद्ध धम्म स्वीकारलेल्यांनाही देशपातळीवर अनुसूचित जातींत गणले जाऊ लागले, हे अनेक पालकांना ठाऊक नसते आणि मुलांची प्रमाणपत्रे अपुरी राहतात. २०२२ साली केंद्राच्या योजनेतून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास व भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय वगळण्यात आले. आपला इतिहास आपण परदेशात अभ्यासू नये, असा हा निर्णय; त्यावरील नाराजी रास्त आहे. विज्ञानाच्या विषयांना मात्र ही अडचण नाही.

परंतु केंद्राच्या योजनेत कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा आठ लाख रुपयांची आहे. आपल्यापैकी बहुतेकांचे उत्पन्न त्यावर जाते, आणि ते योग्यच आहे. ती जागा मराठवाड्यातील वा विदर्भातील एखाद्या वस्तीवरच्या, दिव्याखाली अभ्यास करणाऱ्या मुलाची आहे. कागदोपत्री उत्पन्न कमी दाखवून ती बळकावणे हा धम्माचा आणि बाबासाहेबांचा द्रोह ठरेल. आपण आपल्या पायावर उभे राहावे आणि जमल्यास त्या मुलाच्या विमानाच्या तिकिटाला हातभार लावावा. १९५२ साली खाशाबा जाधव हेलसिंकीला निघाले तेव्हा पैशांची जुळवाजुळव होईना. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले आणि स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळाले. स्वतः बाबासाहेब १९२० साली अपुरे शिक्षण पुरे करण्यासाठी लंडनला परतले, ते नवल भथेना या मित्राच्या उसनवारीवर आणि शाहू महाराजांच्या साहाय्यावर. आपल्यातील प्रत्येक पदवीमागे अशी कोणाची तरी गहाण पडलेली वस्तू आहे. माझ्या वैद्यकीय पदवीमागे माझ्या आईच्या हातातल्या पाटल्या आहेत. ते ऋण परत करायची वेळ आता आपली आहे.

तेव्हा आमची नम्र सूचना अशी की, मंडळाने वार्षिक स्नेहभोजन व रोषणाईच्या खर्चातील काही भाग दरवर्षी विज्ञानातील संशोधक विद्यार्थ्यासाठी वेगळा काढावा. रक्कम लहान असेल, पण अर्जाचे शुल्क, भाषेची परीक्षा आणि पहिल्या हिवाळ्याचा गरम कोट एवढे त्यातून नक्की होईल. ज्यांना ही मदत मिळेल त्यांनी परत येऊन मंडळाच्या व्यासपीठावरून आपले संशोधन साध्या मराठीत समजावून सांगावे, एवढीच अट असावी.

तथागतांच्या काळात सोण नावाचा एक भिक्खू होता. सुखात वाढलेला हा तरुण साधनेच्या ईर्ष्येने इतका चालला की त्याच्या तळपायांतून रक्त वाहू लागले. तरीही मन शांत होईना, तेव्हा तो घरी परत जाण्याचा विचार करू लागला. तथागतांनी त्याला त्याच्याच वीणेची आठवण दिली. तारा अति ताणल्या तर वीणा वाजत नाही, अति सैल सोडल्या तरी वाजत नाही. अतिश्रमाने शरीर खचते आणि आळसाने कुजते, योग्य ताण शोधावा लागतो, हे आज प्रयोगशाळा आकड्यांनी सांगतात. तो योग्य ताण शोधण्याचे शास्त्र शिकायला आपली एखादी लेक निघाली असेल, तर तिला अडवणारे आपण कोण?

त्या गृहस्थांना मी पुढच्या भेटीत एवढेच म्हणालो, "दादा, पोरीला जाऊ द्या. माझ्या दवाखान्यात जे लिहिले जात नाही, ते लिहायला ती निघाली आहे." ते काही वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "माझे वडील गिरणीत होते, डॉक्टरसाहेब. पन्नाशीतच धाप लागून गेले. कशाने, ते कोणी सांगितलं नाही." त्यानंतर तिच्या अर्जाची चर्चा सुरू झाली. अद्याप कोठून बोलावणे आलेले नाही. येईल तेव्हा ते या व्यासपीठावरून आपणास कळवण्यात येईल.

  

सर्वांचे मंगल होवो. जयभीम! नमो बुद्धाय!

— संपादक